उजेड भाड्याने मिळेल

पहाटे सव्वासहा

डिसेंबरात धुकं उतरलं की ग्वाल्हेरच्या फूलबाग चौकातून पडावाचा पूल दिसतच नाही, नुसते गाड्यांचे दिवे वर चढताना दिसतात. शहराच्या लष्कर भागातून स्कूटीवर येईपर्यंत माझ्या हातमोज्यांतली बोटं बधिर झालेली असतात. शटरपाशी दोन मुलं पायरीवर बसून पेंगत आहेत. भिंडकडच्या एका गावातलं लग्न उरकून, रात्रभर जागून थेट इथे आलीत. इकडची लग्नसराई, म्हणजे सहालग, ऐन भरात आहे, आणि त्यांनी नेलेले दिवे आज रात्री दुसऱ्या कोणाला तरी हवे आहेत.

आधी रजिस्टर, मग चहा. दोन फ्लॅश, दोन स्टँड, एक सॉफ्टबॉक्स, दोन ट्रिगर. सॉफ्टबॉक्सच्या पांढऱ्या कापडावर हळदीची बोटं उमटलीत, म्हणजे कोणी मावशी-आत्या दिवा बाजूला सारून पुढे गेली असणार. एका ट्रिगरच्या सेलचं झाकण गायब. या धंद्यात सगळ्यात स्वस्त वस्तू तीच आणि सगळ्यात जास्त हरवतेही तीच. रजिस्टरमध्ये नोंद, अनामतीतून कपात, दोन्ही सह्या. "दीदी, ढक्कन के भी पैसे?" हो, झाकणाचेही. सामाईक वस्तू टिकायची तर झाकणाचे पैसे घ्यावेच लागतात.

हा स्टुडिओ पंधरा-वीस सभासदांचा आहे. जवळजवळ सगळ्यांकडे हप्त्यावर घेतलेला स्वतःचा कॅमेरा आहे. पण स्वतःची जागा, पाच तऱ्हेचे दिवे, प्रिंटर आणि चौदा फूट उंच छत यांतलं काहीच नाही. महिन्याची वर्गणी भरली की दिवे पाळीपाळीने घरी न्यायचे आणि हॉल तासावर घ्यायचा. मोबाइल आल्यावर फोटो स्टुडिओ संपले असं आमच्या शहरातले जुने फोटोग्राफर म्हणतात. मला ते पटत नाही. कॅमेरा सगळ्यांच्या खिशात गेला हे खरं; उजेड आणि मोकळी भिंत मात्र कोणाच्याच खिशात मावत नाही. आम्ही विकतो ते तेवढंच.

साडेआठ

लक्ष्मीबाई कॉलनीतल्या कोचिंग क्लासची पहिली बॅच सुटली. आता दोन तास मान वर करायला फुरसत नाही. मुरैना, भिंड, दतिया, शिवपुरीची मुलं. कोणाचा फौजेचा अर्ज, कोणाचा पोलिसांचा, कोणाचा पटवारीचा. प्रत्येक अर्जाची तऱ्हा वेगळी. बँकभरतीवाल्यांना फोटो २० ते ५० केबीत हवा, सही १० ते २० केबीत, शिवाय डाव्या अंगठ्याचा ठसा आणि स्वतःच्या हाताने लिहिलेलं प्रतिज्ञापत्र. एक केबी इकडेतिकडे झाला की साइट अर्ज घेत नाही. त्यामुळे मुलं माझ्याकडे चेहऱ्याबद्दल कमी आणि केबीबद्दल जास्त बोलतात.

दारामागच्या खिळ्याला एक काळा कोट आणि बांधलेला टाय टांगलेला आहे. खाली कंगवा आणि पावडरचा डबा. कोट सगळ्यांना होतो, कारण पाठीमागे कपड्याच्या चिमट्याने तो चापून बसवतात आणि फोटोत पाठ येत नाही. या एका कोटाने किती कारकून आणि किती पटवारी घडवले याचा हिशेब सरकारकडे नसेल.

दिवे डोळ्यांच्या जरा वर, दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर. पांढऱ्या भिंतीपासून माणूस चार फूट पुढे, म्हणजे सावली मागे जमिनीवर पडते. चष्मा काढायचा, दोन्ही कान दिसले पाहिजेत. हनुवटीखाली मी थर्माकोलचा पांढरा तुकडा धरायला देते. उन्हात रापलेल्या चेहऱ्याच्या डोळ्यांखालचा काळेपणा त्याने निम्मा होतो. नंतर संगणकावर चेहरा गोरा करून देत नाही. मागतात, पण देत नाही. परीक्षेच्या दारात उभा असलेला माणूस आणि फोटोतला माणूस एकच दिसायला हवा.

हल्ली काही अर्ज तयार फोटो घेतच नाहीत, फोनच्या कॅमेऱ्यातून तिथल्या तिथे चेहरा टिपतात. हा नियम आला तेव्हा आमच्या कट्ट्यावर सुतक होतं. झालं भलतंच. मुलं स्वतःचा फोन घेऊन इथेच येऊ लागली, कारण खोलीवरच्या पिवळ्या बल्बखाली टिपलेला चेहरा नापास होतो. फोन त्यांचा, बोट त्यांचं, भिंत आणि दिवे आमचे. दहा रुपये.

साडेदहा

हिशेब. हा तास मला आवडत नाही म्हणून तो लवकर संपवते. फोटो छापायचं यंत्र फितीवर चालतं. पिवळा, किरमिजी, निळा आणि वर संरक्षक थर, असे चार तुकडे प्रत्येक प्रिंटला पूर्ण खर्च होतात, फोटो काळा असो की पांढराफटक. त्यामुळे एका कागदाचा खर्च ठरलेला असतो आणि भाव ठरवताना डोकं शांत राहतं. भाडं, वीज आणि हप्ता हे तिन्ही ओळखपत्राच्या फोटोंतून निघतं. कलेतून यातलं काहीच निघत नाही, हे नव्याने येणाऱ्या सभासदाला पहिल्याच दिवशी सांगते.

कर्ज मुद्रा योजनेतून काढलं होतं. ५० हजारांच्या आतलं ते 'शिशु', त्यापुढे ५ लाखांपर्यंतचं 'किशोर'. तारण लागत नाही, पण धंदा काय ते एका ओळीत लिहावं लागतं. 'सामाईक स्टुडिओ' कुठल्याच रकान्यात बसेना, तेव्हा नुसतं 'फोटो स्टुडिओ' लिहिलं. कागदावर आम्ही अजूनही तेच आहोत.

साडेअकरा

चंदेरी साड्या विकणाऱ्या एका ताईंनी दीड तास हॉल घेतलाय. चंदेरीवर समोरून फ्लॅश मारला की कापड मेणकापडासारखं दिसतं आणि जर पांढरी पडते. साडी दोरीवर पसरायची, एक दिवा मागून कापडातून येऊ द्यायचा, दुसरा बाजूने जमिनीलगत ठेवायचा. मग वीण दिसते, बुट्ट्यांची कड दिसते, आणि गिऱ्हाईक घरी साडी उलगडून "फोटोत अशी नव्हती" म्हणत नाही. फोटो ताई स्वतःच काढतात, फोनने. मी फक्त दिवे सरकवते.

जेवण एकला. डबा.

दुपारी दोन

गुरुवारी दोन ते साडेचार पुरुषांना आत येऊ देत नाही. सभासद असले तरी नाही. ही कल्पना माझी नव्हे, सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. फोटोग्राफर राजा दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो मिसेस केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाईंकडे सोपवला. हेच दीनदयाळ त्याआधी इंदूरच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. १८८२ साली इंग्रज अधिकारी लेपेल ग्रिफिनबरोबर मध्य भारताच्या दौऱ्यावर निघाले, आणि त्यातून १८८६ साली निघालेल्या स्मारकांच्या ग्रंथात आमचा किल्लाही आहे. किल्ल्याचे फोटो सगळ्यांना आठवतात, मला त्यांचा जनाना स्टुडिओ जास्त महत्त्वाचा वाटतो. उमरा यात्रेसाठी फोटो काढायला आलेल्या आजींनी आज बुरख्याचा पडदा वर केला तो दार आतून लावलंय याची दोनदा खात्री करूनच.

त्यांच्यामागून लष्करातल्या काकू आल्या. आज मार्गशीर्षातला गुरुवार, काकूंचा उपास. तरी पिशवीत जुना अल्बम आणि एक काचेची तसबीर. अल्बम ऐंशीच्या दशकातला, चिकट पानांवर प्लास्टिकचा कागद असलेला. फोटोंचं सगळ्यात जास्त नुकसान या अल्बमांनी केलं. गोंद पिवळा पडतो, फोटो पानाला घट्ट धरून बसतो. काकूंच्या सुनेने एक उपटायचा प्रयत्न केलाय, कोपरा फाटलाय. अशा फोटोखाली दात साफ करायचा बारीक दोरा सरकवायचा आणि करवत चालवावी तसा हलके हलके पुढे न्यायचा. घाई केली की संपलं. निघतच नसेल तर पानासकट फोटो घेतो.

तसबिरीतला फोटो काचेला चिकटलेला आहे. तो सोडवायचा नाही, काचेतूनच उतरवायचा. दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दिवे, दिव्यांवर ध्रुवीकरणाची फिल्म, भिंगावर तसाच फिल्टर, आणि तो फिरवत जायचा. एका ठिकाणी काचेची चमक जाते, जुन्या फोटोच्या काळ्या भागावर चढलेली रुपेरी झाकही जाते, आणि आतून पगडी वर येते.

"अगं, हे आमचे आजेसासरे! पगडी बघ, शिंदेशाही. दसऱ्याच्या दरबाराला हीच घालून जायचे."

"आणि शेजारी कोण, काकू?"

"ते आप्पा."

"नाव?"

काकू बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहतात. "नाव कोणी घेतलंच नाही गं. सगळे आप्पाच म्हणायचे."

रजिस्टरमध्ये 'आप्पा' लिहिते, पुढे काकूंचं नातं, फोटोत दिसणारी बाकीची खूण, आजची तारीख. फोटोची मागची बाजू उघडी असेल तर तिचाही फोटो घेतो, कारण पुठ्ठ्यावरचा स्टुडिओचा शिक्का आणि शाईतली तारीख कधी कधी चेहऱ्यापेक्षा जास्त सांगते. पन्नास रुपयांत उतरवलेला फोटो आणि एक प्रिंट. मूळ फोटो लगेच परत, आम्ही ठेवून घेत नाही. संग्रहात प्रत ठेवायची का, हे घरचे ठरवतात आणि सही करतात. नवे काढलेले फोटोसुद्धा आपल्याकडे कायद्याने बहुधा गिऱ्हाइकाचेच असतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोची पहिली मालकी काढवून घेणाऱ्याची, वेगळा करार नसेल तर. फोटोग्राफर मंडळींना हे ऐकून धक्का बसतो. बसू दे.

कला म्हणावी तर आठवड्यातून हे अडीच तास. यातून भाडं निघत नाही; भाडं निघतं म्हणून हे होतं.

साडेपाच

पडावातली शाळकरी मुलं. फी नाही, पण चप्पल बाहेर आणि दोघांत एकच फोन वापरायचा. आजचा धडा एकच: खिडकीकडे पाठ करून मित्राला उभं करा, मग तोंड करून, मग आडवं. तिसऱ्या फोटोला एक मुलगी "अरे, नाक आई!" म्हणून ओरडते. तेवढ्यात वीज जाते, आणि धडा जास्तच चांगला होतो. वर्षाकाठी यांच्या फोटोंचं प्रदर्शन तानसेन कला वीथिकेत लावायचं मनात आहे. ती पडावातच आहे, चालत पाच मिनिटांवर. चौकटींचे पैसे जमले की लावू.

साडेसात

तानपुरा गुंडाळून एक मुलगी आलीय. गाणं शिकते, कार्यक्रमाच्या पत्रिकेसाठी फोटो हवा. तानसेन समारोह तोंडावर आलाय, आणि २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून निवडल्यापासून गाणाऱ्या मुलांना फोटोची निकड जरा जास्तच भासते. तिला गायक कृष्णराव शंकर पंडितांच्या जुन्या फोटोंसारखा ताठ, समोर बघणारा फोटो नको आहे. "मला गाताना पाहिजे, ताई."

मग गा. तानपुऱ्याचा भोपळा इतका चकचकीत की त्यात आख्खा सॉफ्टबॉक्स चौकोनी दिसतो. तो दिवा वर चढवून तिरका करते. ती यमन लावते. पहिले दहा-बारा फोटो वाया जाणारच, कारण तिचं लक्ष कॅमेऱ्याकडे आहे. मी बोलणं बंद करते. थोड्या वेळाने तिचं लक्ष गंधाराकडे जातं. माझा अनुभव असा की समेवर फोटो काढू नये. समेवर चेहरा सुटतो आणि सगळ्यांचा सारखाच दिसतो. समेच्या दोन मात्रा आधी, जिथे गळा अजून वाटेत आहे, तिथे बोट दाबावं. तीनशे रुपये घेते. विद्यार्थ्यांना तोच दर.

सव्वानऊ

सकाळचेच दिवे पुन्हा बाहेर पडतात, सॉफ्टबॉक्सचं कापड धुऊन, ट्रिगरला चिकटपट्टीचं झाकण लावून. नेणारा मुलगा नवा आहे, मुरैनाचा. त्याला आपल्या गावात असंच काही काढायचंय. कॅमेरा कुठला घेऊ, विचारतो. कॅमेरा शेवटी घे. आधी रस्त्यालगतची, छत उंच असलेली जागा बघ, क्लास किंवा कचेरी जवळ असली तर उत्तम. मग प्रिंटर, मग दोन दिवे, मग जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. चार माणसं आधी जमव, जी झाकणाचे पैसे देतील. तो हे सगळं फोनवर लिहून घेतो आणि तरी पुन्हा कॅमेऱ्याचंच विचारतो.

लष्करातल्या वाचकांना एवढंच: घरी जुने अल्बम असतील तर गुरुवारी दोन ते साडेचारच्या वेळेत घेऊन या, बायकांच्या हाती पाठवा. फोटो पानातून उपटू नका, तसबिरीची काच फोडू नका, मागे बॉलपेनने काही लिहू नका. लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने, कडेला. आणि ज्यांना नावं ठाऊक आहेत त्या आजींना बरोबर आणा.