‘कर’ प्रत्ययान्त ग्रामनामी आडनावे : उगम आणि परदेशातील आढळ

बीजसंज्ञा : आडनाव, ग्रामनाम, स्थलांतर, बेने इस्रायली, लिप्यंतर

१. प्रस्तावना

आडनाव ही व्यक्तीची ओळख मानली जाते. परंतु ते एका घराण्याच्या प्रवासाची नोंदही असते. मराठी आडनावांचे उगम स्थूलमानाने चार प्रकारचे आहेत : कुळावरून आलेली (मोरे, जाधव, शिर्के), हुद्दा वा वतनावरून आलेली (कुलकर्णी, देशमुख, पाटील), व्यवसायावरून आलेली (सोनार, सुतार, जोशी) आणि गावावरून आलेली. यांपैकी चौथ्या प्रकारात ‘कर’ प्रत्यय लागलेल्या आडनावांची संख्या इतकी मोठी आहे, की महाराष्ट्राबाहेर ‘कर’ हीच मराठी माणसाची खूण समजली जाते. प्रस्तुत लेखात या आडनावांची घडण, त्यांचा परदेशातील आढळ आणि तेथे त्यांचे झालेले रूपांतर यांचा विचार केला आहे. त्यासाठी पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील परिचित उदाहरणांपासून आरंभ केला असून मुख्य उदाहरण म्हणून कोकणातील मराठीभाषक ज्यू, म्हणजेच बेने इस्रायली समाज घेतला आहे.

२. ‘कर’ या प्रत्ययाची घडण

‘कर’ या प्रत्ययाच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते प्रचलित आहेत. एक मत त्याचा संबंध संस्कृत ‘कृ’ धातूपासून आलेल्या ‘कर’ म्हणजे ‘करणारा’ या पदाशी जोडते; दुसरे मत प्राकृत-अपभ्रंशातील ‘केर’ या संबंधदर्शक शब्दाशी. गावाच्या नावापुढे येणाऱ्या ‘कर’चा अर्थ ‘अमुक गावाशी संबंध असलेला’ असा होतो, हे ध्यानी घेता दुसरे मत अर्थदृष्ट्या अधिक जवळचे वाटते.

हा प्रत्यय लागताना ग्रामनामात नियमित बदल होतात. ‘सातारा’चे ‘सातारकर’, ‘रोहा’चे ‘रोहेकर’, ‘अष्टमी’चे ‘अष्टमकर’, ‘पेझारी’चे ‘पेझारकर’ अशी रूपे होतात. काही वेळा आडनावात ग्रामनामाचे जुने रूप टिकून राहते. ‘चेऊलकर’ या आडनावात ‘चौल’चे ‘चेऊल’ हे पूर्वीचे रूप आजही ऐकू येते. अशा ठिकाणी आडनाव हे भाषेच्या इतिहासाचे साधनही ठरते.

३. गाव आणि गावाचे नाव : स्थानिक उदाहरणे

चाकणमध्ये राहणारा प्रत्येकच जण चाकणचा असल्याने ‘चाकणकर’ म्हटल्याने तेथे कोणाचीच वेगळी ओळख पटत नाही. हे नाव अर्थपूर्ण होते ते चाकणबाहेर; पुण्यात, मुंबईत वा त्याही पलीकडे. पिंपरी-चिंचवडमधील मूळ गावांतील जुनी घराणी पाहिली तर हीच गोष्ट दिसते. पिंपरीचे वाघेरे, भोसरीचे लांडगे, आकुर्डी-निगडीचे काळभोर, वाकडचे कलाटे, पिंपळे सौदागरचे काटे यांच्यापैकी कोणाच्याही आडनावात गावाचे नाव नाही. चिंचवडचे ‘चिंचवडे’ हा लक्षणीय अपवाद असला, तरी तेथेही ‘कर’ हा प्रत्यय नाही.

याहून बोलके उदाहरण देहूचे आहे. संत तुकारामांचे घराणे मोरे आडनावाचे. देहूतील त्यांचे वंशज आजही ‘मोरे’ म्हणून ओळखले जातात. याच घराण्यातील जी शाखा पंढरपुरात स्थिरावली, तिला ‘देहूकर’ हे नाव लाभले आणि वारकरी परंपरेतील ‘देहूकर फड’ त्याच नावाने प्रसिद्ध झाला. घराणे एकच आहे, फरक केवळ अंतराचा आहे. देहूत राहिले ते मोरे आणि देहू सोडली ते देहूकर.

या निरीक्षणाला एक मर्यादा घालणे आवश्यक आहे. कोकणात व गोमंतकात गावातच राहणाऱ्या घराण्यांनाही त्याच गावावरून ‘कर’ आडनाव असल्याचे आढळते. तेथे हे आडनाव गावाशी असलेल्या नात्याचे द्योतक असते, गाव सोडल्याचे नव्हे. घाटावर मात्र त्याचा कल निश्चितपणे गाव सोडलेल्यांकडे आहे. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे गावाबाहेरच्या माणसाला या नावाचा उपयोग अधिक होतो.

४. बेने इस्रायली : गावांचा नकाशा आडनावांत

बेने इस्रायली समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटून कोकणात आले व त्यांतून सात जोडपी वाचली. ते रायगड जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, गावोगावी पसरले. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी झाली आणि आडनावेही मराठी पद्धतीने रूढ झाली : पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर, आवासचे आवासकर, झिराडचे झिराडकर, नवगावचे नवगावकर. अशी शंभरांहून अधिक आडनावे या समाजात होती. ती एकत्र मांडली तर अलिबाग, पेण, रोहा या तालुक्यांचा जणू नकाशाच तयार होतो.

अठराव्या शतकापासून या समाजातील अनेक जण मुंबईत येऊ लागले व ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत दाखल झाले. गाव सुटल्यावर गावाचे नाव अधिक उपयोगी पडले असावे, असे अनुमान येथे करता येते. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे ‘सामाजी हसाजी दिवेकर’ या नावानेही ओळखले जात. सॅम्युअलचे सामाजी आणि इझिकेलचे हसाजी झाले, तरी ‘दिवेकर’ दोन्ही रूपांत तेच राहिले. याच समाजाचा इतिहास लिहिणाऱ्या हायीम सॅम्युअल किहीमकर यांचा ग्रंथ १८९७ मध्ये पूर्ण झाला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. किहीमचे नाव असे ग्रंथकाराबरोबर इस्रायलच्या स्थापनेपूर्वीच त्या भूमीत पोहोचले.

विसाव्या शतकात मात्र सार्वजनिक व्यवहारात हे आडनाव मागे पडू लागले. अनेकांनी पित्याचे वा आजोबांचे बायबलमधील नावच आडनाव म्हणून स्वीकारले. १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर असलेले डॉ. एलिजा मोझेस यांचे आडनाव राजपूरकर होते. त्यांच्या स्मरणार्थ असलेला मुंबईतील मार्ग मात्र ‘ई. मोझेस मार्ग’ म्हणूनच ओळखला जातो. १९६६ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावात गाव राहिले, पण ‘कर’ गळाला.

५. परदेशातील आढळ

‘कर’ आडनावांचा परदेशातील प्रसार एका लाटेत झालेला नाही. ब्रिटिश साम्राज्याच्या काळात नोकरीच्या निमित्ताने बेने इस्रायली कुटुंबे कराची व एडन येथे गेली. कराचीतील ‘मागेन शालोम’ हे सिनेगॉग १८९३ मध्ये सोलोमन डेव्हिड उमरडेकर यांनी बांधले. ते तेथील नगरपालिकेत मोजणी अधिकारी होते. १९३६ मध्ये अब्राहम रूबेन कामारलेकर हे कराची नगरपालिकेवर सदस्य होते. फाळणीनंतर हा समाज तेथून पांगला आणि १९८८ मध्ये ते सिनेगॉगही पाडण्यात आले. कराचीच्या इतिहासात कोकणातील गावांची ही नावे मात्र शिल्लक राहिली.

दुसरी आणि सर्वांत मोठी लाट १९४८ नंतरची होय. त्या सुमारास भारतात सुमारे वीस हजार बेने इस्रायली होते. पुढील दशकांत त्यांतील बहुसंख्य इस्रायलला गेले. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला या शहरांत त्यांची वस्ती झाली. आज या आडनावांची परदेशातील सर्वांत दाट वस्ती याच शहरांत आहे. त्यांच्या वंशजांची संख्या भारतात उरलेल्या समाजाच्या अनेक पट आहे. २००१ च्या जनगणनेत भारतातील सर्व ज्यूंची संख्या पाच हजारांच्या आत होती. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा पेण-अलिबाग परिसरातील अनेक गावांत या आडनावांचे एकही कुटुंब उरले नव्हते.

तिसरा प्रकार वैयक्तिक स्थलांतराचा. बेने इस्रायली डॉक्टर अब्राहम एरुलकर यांची कन्या लीला हिचा विवाह ग्लाफकोस क्लेरिदीस यांच्याशी झाला. क्लेरिदीस १९९३ ते २००३ या काळात सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष होते. ज्यू समाजाबाहेरील ठळक उदाहरण आयर्लंडचे आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात वराड हे गाव आहे. तेथील घराण्यातील एक डॉक्टर मुंबईहून इंग्लंडमार्गे डब्लिनला स्थायिक झाले. त्यांचे पुत्र लिओ वराडकर २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ या काळात आयर्लंडचे पंतप्रधान होते. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी वराडला भेट दिली. डब्लिनमध्ये जन्मलेल्या माणसाला आपल्या पूर्वजांचे गाव शोधावे लागले नाही, कारण ते त्याच्या नावातच होते.

याउलट मॉरिशसकडे पाहावे. एकोणिसाव्या शतकात मळ्यांवर काम करण्यासाठी तेथे गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांमध्ये ‘गणू’ यांसारखी आडनावे आढळतात. ती मुळात पूर्वजांची व्यक्तिनावे होत. करारपत्राच्या नोंदीत कारकुनाने जे एकेरी नाव लिहिले, तेच पुढील पिढ्यांचे आडनाव झाले. त्या नावात गाव नसल्याने वंशजांना मूळ स्थान शोधण्यासाठी अभिलेखागारातील जहाजांच्या व मजुरांच्या नोंदींवर अवलंबून राहावे लागते. आडनाव टिकणे वा न टिकणे हे भाषाप्रेमापेक्षा नोंद कोण करतो यावर अधिक ठरते, हे या तुलनेतून दिसते.

६. लिपी बदलताच होणारे बदल

परदेशात आडनावावर पहिला परिणाम लिपीचा होतो. हिब्रू लिपीत स्वर बहुधा लिहिले जात नाहीत आणि ‘प’ व ‘फ’ यांसाठी एकच अक्षर आहे. ‘ण’साठी स्वतंत्र अक्षर नाही. परिणामी ‘पेणकर’ हे नाव हिब्रूत अनेक प्रकारे वाचले जाऊ शकते. योगायोग असा, की हिब्रूत ‘कर’ या उच्चाराच्या शब्दाचा अर्थ ‘थंड’ असा होतो. ‘गावचा’ हा अर्थ तेथे कोणालाही सुचण्याची शक्यता नाही. रोमन लिपीतही ‘ण’, ‘ळ’ आणि ऱ्हस्व-दीर्घ भेद हरवतात.

दुसरा परिणाम सामाजिक आहे. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने विवाहनोंदणीपूर्वी बेने इस्रायलींच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. त्याविरुद्ध या समाजाने दीर्घ आंदोलन केले आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व दृष्टींनी ज्यू असल्याचे मान्य केले. अशा काळात ‘कर’ अंती असलेले नाव दुहेरी भूमिका बजावते. ते पूर्वजांचा पुरावा ठरते आणि वेगळेपणाची खूणही. तरीही इस्रायलमध्ये ‘मायबोली’ या नावाने मराठी नियतकालिक निघाले, ही गोष्ट या समाजाने आपली भाषिक ओळख सहज सोडली नाही, हे सिद्ध करते.

७. आजचा संदर्भ आणि निष्कर्ष

एकोणिसाव्या शतकात शाळा, सैन्य, न्यायालये व महसूल यांच्या नोंदी वाढल्या आणि आडनावे स्थिर झाली. तोवर स्थलांतर करणाऱ्याला नवे नाव मिळत असे. त्यानंतर तो मार्ग जवळपास बंद झाला. २००९ पासून चाकण परिसरात जर्मन मोटार उद्योगांचे कारखाने उभे राहिले आणि येथील अभियंते कामानिमित्त जर्मनीस जाऊ लागले. त्यांपैकी कोणीही तेथे ‘चाकणकर’ होणार नाही. त्याचप्रमाणे मराठवाडा, विदर्भ वा खानदेशातून पिंपरी-चिंचवडला आलेल्या कामगाराच्या नातवाच्या आडनावात त्याचे गाव असेलच असे नाही. पूर्वी जे काम आडनाव आपोआप करीत असे, ते आता जाणीवपूर्वक करावे लागेल.

या विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) ‘कर’ आडनाव हे गावाशी असलेल्या नात्याची, आणि घाटावर बहुधा गाव सोडल्याची, नोंद आहे.

(२) या आडनावावरून धर्म वा जात ठरवता येत नाही. एकाच गावावरून हिंदू व ज्यू अशा दोन्ही घराण्यांना तेच आडनाव असू शकते.

(३) मूळ गावातून समाज निघून गेल्यावरही त्या गावाची नावे परदेशात टिकतात. म्हणून गावाच्या इतिहासाची साधने कधी कधी गावाबाहेर शोधावी लागतात.

(४) नोंद करणाऱ्याची लिपी व पद्धत यांवर आडनावाचे भवितव्य अवलंबून असते.

चौथा निष्कर्ष महाविद्यालयांशी थेट संबंधित आहे. प्रवेश अर्ज, गुणपत्रक व त्यावरून तयार होणारी कागदपत्रे यांत विद्यार्थ्याचे नाव प्रथम आपणच लिहितो. ते रोमन लिपीबरोबर देवनागरीतही अचूक लिहिले जावे आणि मूळ गाव विचारून त्याचीही नोंद ठेवावी. भाषा, इतिहास व भूगोल या विभागांनी मिळून विद्यार्थ्यांकडून घराण्याच्या स्थलांतराची माहिती संकलित केल्यास औद्योगिक पट्ट्याच्या सामाजिक इतिहासाचे एक विश्वसनीय साधन निर्माण होईल. पेणकर आणि वराडकर यांना त्यांचे गाव नावातच मिळाले. आज आपल्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याच्या नातवंडांना ते मिळेल की नाही, हे काही अंशी आपल्या नोंदवहीवर अवलंबून आहे.