खोल पॉकेट, आखूड फ्लूट

शिवाजी पेठेतून सकाळी उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव गाठणाऱ्यांपैकी जे व्हीएमसीवर उभे राहतात, त्यांच्यापुढे कोअर बॉक्स कधी ना कधी येतोच. कोल्हापूर फौंड्रीचं गाव. कास्टिंगमधली पोकळी ज्या वाळूच्या कोअरने घडते, तो या बॉक्समध्ये तयार होतो. म्हणजे खोल पॉकेट आलंच.

समजा खोली 50 मिमी, कोपऱ्याची त्रिज्या 6, म्हणून एंडमिल 10 ची. नवखा ऑपरेटर 50 मिमी फ्लूटचं टूल मागतो. देऊ नये. फ्लूट कोरली की टूलच्या अंगातला तेवढा धातू गेला. फ्लूट लांब तितकं टूल लवचीक. त्यात कॉलेटबाहेरची लांबी दुप्पट झाली, तर तेवढ्याच जोराला टूल आठपट वाकतं. मग ते ओरडतं आणि भिंतीवर लाटा उमटतात.

त्यापेक्षा 100 मिमी लांबीचं, 22 मिमी फ्लूटचं कार्बाइड घ्यावं. फ्लूटच्या वरची शँक ग्राइंडिंगवाल्याकडून 9.6 पर्यंत उतरवून घ्यावी, खोलीपेक्षा दोन-तीन मिमी वरपर्यंत. उतरवलेला भाग जिथे संपतो तिथे धारदार खाच नको, बारीक त्रिज्या हवी. टूल मोडतं ते अशा खाचेतूनच. बॉक्सच्या भिंतीला 1 अंश ड्राफ्ट असेल तर हा खर्चही वाचतो, कारण 50 मिमीवर भिंत 0.87 मिमी मागे सरकते आणि शँक मोकळी राहते. सरळ भिंतीत मात्र ती घासून काळे चट्टे पाडते.

टूल सरळ खाली खुपसू नये. दोन-तीन अंशांच्या उताराने गोल फिरवत उतरवावं. प्रत्येक थर फ्लूटच्या लांबीपेक्षा बराच कमी ठेवावा.

खरी डोकेदुखी चिपची. तळाशी साठलेली चिप पुन्हा कापली जाते, अॅल्युमिनियम तर फ्लूटमध्ये चिकटून बसतं. अॅल्युमिनियमला कूलंटचा जोरदार फवारा द्यावा. बिडाला नुसती हवा बरी, नाहीतर भुकटीचा चिखल होतो. अधूनमधून मशीन थांबवून पॉकेट साफ करण्यात गेलेला वेळ मी तरी वाया गेला म्हणणार नाही.

वरचा 20-25 मिमी भाग साध्या, कमी बाहेर काढलेल्या टूलने आधीच उरकावा आणि लांब टूल फक्त खालच्या भागाला लावावं. फिनिशिंगचा शेवटचा पास मात्र त्याच मापावर पुन्हा एकदा फिरवावा. वाकलेल्या टूलने मागे सोडलेलं तेव्हा निघतं. टूल बदललं की ऑफसेट नीट तपासावा. दोन टूलांच्या सांध्यावर नखाला लागेल एवढी पायरी राहिली, तरी कोअर काढताना वाळू तिथेच ओरबाडली जाते.