अवधाण आणि मानेतील गाठ

पायात काटा मोडून जखम चिघळली म्हणजे जांघेत अवधाण येते, हे अणदूरच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण जखम पायाला आणि गाठ जांघेत, असे का?

रक्तातून पेशींभोवती जो रस झिरपतो, त्यातला काही भाग निराळ्याच बारीक नळ्यांवाटे पुन्हा रक्तात जातो. हा रस म्हणजे लसीका आणि त्या नळ्या म्हणजे लसीकावाहिन्या. त्यांच्या वाटेवर जागोजाग ग्रंथी असतात. जखमेतील जंतूंचे अंश घेऊन टेहळ्या पेशी या वाटेने ग्रंथीत येतात. तेथे टी-पेशींना शत्रूची ओळख पटते, त्या भराभर वाढतात आणि ग्रंथी फुगते. आपले अवधाण म्हणजे ही लढाईची तयारी होय.

कर्करोगाची वर्दीही याच वाटेने पोहोचते. ज्या उंदरांच्या त्वचेत लसीकावाहिन्याच नव्हत्या, त्यांच्या अंगात अर्बुदाविरुद्ध टी-पेशी नीट उभ्या राहिल्या नाहीत. मात्र वाट काही निरोप्यांपुरती राखीव नसते! कर्करोगाच्या पेशीही तिनेच निसटतात आणि ग्रंथीत ठाण मांडतात. शिवाय वाहिनीच्या भिंतीतील पेशी कित्येकदा टी-पेशींनाच आवर घालतात.

मग तोंडाच्या कर्करोगात, मानेत हाताला गाठ लागत नसताना तेथील ग्रंथी काढाव्यात की वाट पाहावी? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने याचा कसोशीने तपास केला. २०१५ साली ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्याच शस्त्रक्रियेत ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी शेकडा ८० हयात होते; वाट पाहिलेल्यांपैकी शेकडा ६७.५. ग्रंथी ही पहारेकऱ्यांची चौकी खरी, पण शत्रू आत शिरल्यावर तिची माया धरून चालत नाही.

रोग पुढे गेलेल्यांसाठी टी-पेशींचा लगाम सैल करणारे निवोलुमॅब हे औषध निघाले आहे. पण त्याची किंमत ऐकूनच घरचे लोक गप्प होतात. त्याच रुग्णालयाने दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम, नेहमीच्या मात्रेचा लहानसा अंश, इतर गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १६.३ वरून ४३.४ वर गेले.

आता अवधाणाकडे पुन्हा वळू. ते ठणकते आणि जखम भरली की बसते. कर्करोगाची गाठ बहुधा टणक असते, आणि दुखत नाही. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातील चट्टा तीन आठवड्यांत भरला नाही, किंवा मानेत अशी गाठ लागली, तर लेप लावीत बसू नये. कर्करोगाचे रुग्णालय बार्शीलाही आहे.