आज्ञार्थ, प्रश्नार्थ आणि अर्धविराम
संगणकाने हौशी रेडिओ-ग्राहकाला द्यावयाच्या आज्ञेलाही व्याकरण असते. केनवुडच्या पद्धतीत ‘एफए’ ही अक्षरे, पुढे हर्ट्‌झमधील अकरा अंक आणि शेवटी अर्धविराम पाठविला की ग्राहक त्या वारंवारतेवर जातो, ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी ‘००००७१०००००’. अंक वगळून नुसते ‘एफए’ व अर्धविराम पाठविल्यास आज्ञार्थाचा प्रश्नार्थ होतो आणि यंत्र आपली वारंवारता सांगते. अकरांतील एखादा अंक चुकला, तर ते निमूटपणे भलतीकडेच कान लावते. २००१ च्या कच्छ-भूकंपात दूरध्वनी बंद पडले असता हौशी रेडिओचालकांनी निरोप पोहोचविले. तापीचा २००६ चा महापूर तर कोसाडकरांच्या स्मरणात आहेच. अशा प्रसंगी चुकलेला अंक म्हणजे न ऐकलेली हाक. म्हणून आज्ञा दिल्यावर प्रश्न विचारून खात्री करून घ्यावी, एवढेच सांगणे.