डिसेंबरातला मे महिना

ऑकलंडहून गाडी निघाली तेव्हा मागच्या सीटवर उशा, चादरी, तांदळाची पिशवी आणि एक लांब दांड्याचे फावडे होते. फावडे कशाला, हे आईने दोनदा विचारले. "पोहोचल्यावर दाखवतो," एवढेच भाऊ म्हणाला. न्यूझीलंडमधल्या कोरोमंडल द्वीपकल्पावर नाताळाच्या सुट्टीसाठी आम्ही आठवडाभर घर भाड्याने घेतले होते.

अशा घराला तिथे 'बॅच' म्हणतात. दक्षिणेकडच्या ओटागो-साउथलंडात त्याचेच नाव 'क्रिब'. हॉटेलची सवय असलेल्याला आधी चुकल्यासारखे होते. बऱ्याच बॅचमध्ये चादरी-टॉवेल आपले आपण न्यायचे, निघताना घर झाडूनपुसून द्यायचे. जुन्या काळी लोकांनी हाताला लागेल त्या लाकूड-पत्र्याची, कुणी तर मोडीत निघालेल्या ट्रामच्या डब्यांची अशी घरे उभी केली. आमच्या बॅचला पाणी होते छपरावरून टाकीत साठणाऱ्या पावसाचे. न्हाणीघरात पाटी होती: अंघोळ चार मिनिटांत. आईला हे मुळीच जड गेले नाही. तिचे बालपण आडाचे पाणी शेंदण्यात गेलेले.

दक्षिण गोलार्धात नाताळ भर उन्हाळ्यात येतो. शाळांना मोठी सुट्टी, सूर्य मावळायला साडेआठ वाजून जातात, आणि कोकणात मे महिन्यात चाकरमानी उतरावेत तशी सगळी शहरे किनाऱ्यावर रिकामी होतात. बर्फाऐवजी इथे पोहुतुकावा फुलतो. समुद्राच्या कड्यावर मुळे रोवून उभे राहणारे हे झाड जांभळाच्या कुळातले आहे. फूल हातात घेऊन पाहिले, तर पाकळ्या जवळजवळ दिसतच नाहीत. दिसतो तो लालभडक केसरांचा झुबका, प्रत्येक केसराच्या टोकाला पिवळा ठिपका. माओरी परंपरेत केप रेइंगाच्या टोकावरचा पोहुतुकावा फार पवित्र, कारण मृतांचे आत्मे त्याच्याच मुळांवरून समुद्रात उतरून पूर्वजांच्या देशी निघतात. आमच्या अंगणात केसरांचा लाल सडा पडायचा आणि मुले तो ओंजळीने उडवायची.

२५ तारखेला बहुतेक दुकाने कायद्यानेच बंद असतात, म्हणून वाणसामान आदल्या दिवशीच भरले. दुपारी अंगणात बार्बेक्यू पेटला, आईने मासे मीठ-हळद-तिखट लावून त्यावर भाजले. शेजारच्या बॅचमधल्या आजींनी पाव्हलोवा आणून दिला: अंड्याच्या पांढऱ्याचा कुरकुरीत, आतून मऊ केक, वर साय आणि स्ट्रॉबेरी. १९२६ मध्ये इथे दौऱ्यावर आलेल्या रशियन नर्तकी अ‍ॅना पाव्हलोवाचे हे नाव. तो पहिल्यांदा कुणी केला यावर ऑस्ट्रेलियाशी वाद अजून चालूच आहे.

संध्याकाळी फावडे बाहेर निघाले. हॉट वॉटर बीचवर ओहोटीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत वाळू खणली की खालून गरम पाणी वर येते. झऱ्याचे पाणी ६४ अंशांपर्यंत तापलेले असते, म्हणून शेजारून समुद्राचे गार पाणी आत वळवावे लागते. भावाने खड्डा केला, आई पदर खोचून त्यात पाय सोडून बसली. "वज्रेश्वरीला जायला नको आता," म्हणाली.

एक गोष्ट मात्र जाणाऱ्या प्रत्येकाला बजावून सांगावीशी वाटते. हाच किनारा पोहायला धोक्याचा आहे. जीवरक्षक असतील तिथेच, त्यांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पाण्यात उतरावे. ओढ लागली तर किनाऱ्याकडे हातपाय मारत दमू नये. अंग सैल सोडून तरंगावे आणि हात वर करून मदत मागावी. ऊनही फसवे. वारा गार असतो, पण अतिनील किरणे इतकी प्रखर की आमच्या सावळ्या पोरांचेही खांदे सोलले. टोपी आणि सनस्क्रीन यांत हयगय नको.

निघायच्या दिवशी दहाच्या आत घर रिकामे करायचे होते. वहिनीने ओटा पुसला, मी केर काढत अंगणापर्यंत आले. आईने माझ्या हातातला झाडू काढून घेतला.

"एवढा सडा राहू दे गं. येणाऱ्यांच्यात पोरे असतील."