आठवीतून पाचवीत, पाचवीतून पहिलीत

अंबरनाथ पश्चिमेच्या बुवापाड्यात इंग्रजीवाचून रोजचं काही अडत नाही. घरात मराठी, गल्लीत हिंदी, उल्हासनगरच्या बाजारातही हिंदीच. तरीही गेल्या पाऊणशे वर्षांत शाळेतली इंग्रजी खालच्या खालच्या इयत्तेत उतरत आली.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या सरकारने ती आठवीपासून ठेवली. पुढे महाराष्ट्राने पाचवीवर आणली.

तेव्हा अंबरनाथमधली नोकरी म्हणजे विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना, ऑर्डनन्स फॅक्टरी, मग एमआयडीसी. तिथली इंग्रजी कागदावरची. लेथवरचा कामगार ड्रॉइंगवरचा टॉलरन्स झरझर वाचायचा, मायक्रोमीटर लावून जॉब पास करून घ्यायचा. रजेचा अर्ज लिहायची वेळ आली की मात्र जुन्या अर्जावरून नक्कल करून तारीख तेवढी बदलायचा. त्या अर्जात 'आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर' असायचं, त्यामुळे बहिणीच्या लग्नालाही ह्याला तापच! दहावीला इंग्रजीत गचकलेले हेल्पर म्हणून लागायचे आणि हात बसला की ऑपरेटर व्हायचे. साहेबाला काम दिसायचं, भाषा नाही.

नव्वदीनंतर विम्कोसारखे जुने आधार सुटत गेले. पोरांना लोकल धरून ठाणे-मुंबईत नोकऱ्या शोधाव्या लागल्या. तिथे पहिलाच प्रश्न: 'टेल मी अबाउट युअरसेल्फ'. इतकी वर्षं शिकलेली इंग्रजी नेमकी इथे तोंडातून फुटेना, कारण वर्गात ती कुणी बोललंच नव्हतं. कपिल देवच्या जाहिरातीतला रॅपिडेक्सचा इंग्रजी बोलायला शिकवणारा ठोकळा खपला तो ह्याच भीतीवर.

2000 साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी पहिलीपासून इंग्रजी आणली. गरिबाच्या पोरालाही ती मिळावी हा हेतू रास्त होता. पण बोलायचा सराव मात्र तसाच राहून गेला. पालकांना तर आता विषय पुरेना, इंग्रजी माध्यमच हवं झालं. त्यांना नावं ठेवायला मी धजत नाही. पण शाळेची डायरी घेऊन शेजारच्या कॉलेजवाल्या मुलीचं दार वाजवणारी आई बघावी. इंग्रजीतली सूचना एका ओळीची असते: उद्या रंगीत कागद आणा. मुलाला ती अजून वाचता येत नाही, आईला इंग्रजी कधी नीट शिकवलीच नाही.

2025 मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्र पेटला आणि 29 जूनला सरकारने निर्णय मागे घेतला. बुवापाड्यातली पोरं हिंदी गल्लीतच उचलतात. त्या साऱ्या गदारोळात पहिलीतली इंग्रजी आपल्या जागी निवांत होती, आणि पंचवीस वर्षांत तिने काय साधलं ह्याचा हिशेब मागायचं फारसं कुणाच्या मनात आलं नाही.