मूल हवं, ते कशासाठी?

1950च्या दशकात पंजाबातल्या खन्ना परिसरात हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी संततिनियमनाचा मोठा प्रयोग केला. गावकऱ्यांनी गोळ्या ठेवून घेतल्या, पण अनेकांनी त्या वापरल्या नाहीत. पुढे अभ्यासक महमूद ममदानी यांनी त्यातल्याच मानूपूर गावात जाऊन कारण शोधलं आणि 1972मध्ये पुस्तकातून मांडलं. ट्रॅक्टर परवडत नसलेल्या शेतकऱ्याला मुलगा म्हणजे घरचा गडी होता. भूमिहीन मजुराला मुलांच्या कमाईखेरीज दुसरा आधारच नव्हता. म्हातारपणी सांभाळणारंही तेच. या माणसांना अडाणी म्हणणाऱ्यांनी त्यांचा हिशेब कधी विचारलाच नव्हता, आणि ही चूक आजही सर्रास होते.

1976मध्ये लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन काल्डवेल यांनी नायजेरियातल्या योरुबा समाजाच्या अभ्यासातून एक सूत्र मांडलं: कमाई मुलांकडून आईबापांकडे जात असेल, तर जास्त मुलं फायद्याची; शाळेमुळे खर्चाची दिशा उलटली, की कुटुंब लहान होतं.

महाराष्ट्रातही कुटुंबं लहान झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्याचा एकूण जननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुलं) 1992-93मध्ये 2.9 होता, 2019-21मध्ये तो 1.7वर आला. मुलींचं शिक्षण, बालमृत्यूंमधली घट आणि शाळा-क्लासच्या फिया, सगळ्यांचाच त्यात वाटा. मुलं कमी झाली, तरी ‘एक तरी मुलगा हवाच’ हा हट्ट मात्र सुटला नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रालाच करावा लागला, 1988मध्ये.